चारशे बारामधले एकशे एकवीस

“चारशे बारा?” चिपलकट्टी सरांनी कागद उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला काही कमी लिहिलंय का, ते बघत असावेत. “वैजयंती, चारशे बारा?”

“हो सर.”

“अगं, मी तिथं तीनशे सांगून आलोय.”

“मोजायच्या आधीच?”

“आधीच सांगावं लागतं, बाई! धंदा आहे हा. समोरचा विचारतो, किती मोठं काम, किती महिने? तिथं काय मी म्हणू, थांबा, आमच्या बोंद्रे बाई मोजताहेत?”

“म्हणायचं ना. मला त्याचाच तर पगार देता तुम्ही.”

याला वीस वर्षं होत आली. तेव्हा पुण्यात एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर आमची चौदा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी होती, आणि माझं काम काय ते घरीदारी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगत, “सून टायपिंग करते.” मी टायपिंग करत नव्हते. मी न बनलेल्या सॉफ्टवेअरची मापं घेत होते. शिंपी कापडाला कात्री लावायच्या आधी अंगाचं माप घेतो ना, तसंच. वापरणारा माणूस आत काय काय भरणार, बाहेर काय काय काढून घेणार, कशाची विचारपूस करणार, कसल्या नोंदी सांभाळून ठेवणार, हे एकेक मोजायचं. त्यातल्या प्रत्येकाला ठरलेले पॉइंट असतात. त्यांची बेरीज म्हणजे त्या कामाचा आकार. आकार कळला की किती माणसं लागतील, किती महिने लागतील, ते सांगता येतं. त्याला फंक्शन पॉइंट म्हणतात. याची परीक्षा असते, आणि ती पास झालेली कंपनीत मी एकटीच होते. त्या चारशे बाराच्या कामाच्या टेंडरमध्ये अशा पास माणसाची मोजणीवर सही पाहिजे अशी अट होती. म्हणजे सही माझी.

आणि माझी सही मी कुणाच्या सोयीनं करत नाही, ही माझी ख्याती होती. पोरं मागून मला फूटपट्टी म्हणत. मला राग यायचा नाही. खरं सांगू? मला ते आवडायचं. माझ्याकडे दुसरं होतं तरी काय? रूप बेताचं, इंग्रजी बेताचं. पण बोंद्रे बाईंचा आकडा म्हणजे आकडा, हे क्लायंटसुद्धा म्हणायचे.

“काहीतरी कर,” सर म्हणाले. “चौदा घरं आहेत या कामावर. तीनशेच्या आत आण.”

“आणणार नाही. पण एक करते. हे मी नुसतं त्यांच्या कागदावरून मोजलंय. प्रत्यक्ष जाऊन वापरणाऱ्यांशी बोलून येते. नको असलेलं काही निघालं तर ते प्रामाणिकपणे वजा होईल.”

“परवा सकाळी माझी तिथं मीटिंग आहे. तोवर काय ते कर,” म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. माणूस वाईट नव्हता हो. फक्त आधी शब्द द्यायचा आणि मग बाकीच्यांनी धावायचं, अशी त्यांची तऱ्हा.

गावाचं नाव मी सांगणार नाही, कोल्हापूरच्या अलीकडचं एक नगरपालिकेचं गाव, एवढंच. काम होतं पाणीपुरवठ्याचं. पंप, टाक्या, नळजोड, तक्रारी आणि वॉर्डावॉर्डात पाणी सोडण्याचं वेळापत्रक, सगळं कॉम्प्युटरवर आणायचं.

पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर हेरवाडकर साहेब, चाळिशीचे, तरतरीत, शर्टाला कडक इस्त्री. त्यांच्या टेबलामागं गावाचा नकाशा होता आणि त्यावर चौसष्ट लाल टिकल्या.

“हे चौसष्ट व्हॉल्व्ह,” ते म्हणाले. “आज प्रत्येक ठिकाणी माणूस जातो, चावी लावतो, पाणी सोडतो. कुठं दहा मिनिटं जास्त, कुठं कमी. कोण विचारणार? आता प्रत्येकाला मोटर बसणार. मी इथं बसून बटण दाबीन. माणूस मध्ये नकोच! मार्चमध्ये राज्याची पारितोषिक समिती येतेय, तिला मला हे दाखवायचंय.”

“हे वापरणार कोण, साहेब?”

“मीच की.”

“आणि आत्ता जे पाणी सोडतात ते?”

“सुबराव? तो काय वापरणार!” साहेब हसले. “पण भेटायचं तर भेटा. पहाटे पाचला टाकीपाशी असतो.”

आता बघा, मोजणीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की मोजायचं ते वापरणाऱ्याच्या नजरेतून. मी ते वाक्य शंभर वेळा शिकवलंय. आणि तरी चारशे बारा पॉइंट मी एकट्या साहेबांच्या नजरेतून मोजून बसले होते. ज्याच्या हातानं गावात पाणी येत होतं, त्या माणसाचं मला नावही ठाऊक नव्हतं. शरम वाटली मला.

सुबराव तोडकर सत्तावन्न वर्षांचे, काटकुळे, डोक्याला टोपी, सायकलच्या दांडीला बांधलेली पुरुषभर उंचीची लोखंडी चावी. इंग्रजी टी अक्षरासारखी. मी त्यांना मामा म्हटलं, ते मला ताई म्हणू लागले. त्यांच्या सायकलीबरोबर मी चालत होते. खरं म्हणजे माझ्यासाठी तेच सायकल हातात धरून चालत होते.

“कागद कुठंय, मामा? वेळापत्रकाचा?”

“हितं.” त्यांनी टोपीवर बोट ठेवलं. “सोमवार-बुधवार-शुक्रवार वरची गल्ली, मंगळवार-गुरुवार-शनिवार खालची. पर वरच्या गल्लीत शेवटच्या सात घरांना चढ हाय. तितं धा मिन्टं जादा न दिली तर कळशी भरत न्हाय. साहेबाच्या कागदात समद्यांना पाऊण तास. कागदाला चढ कुटं कळतोय?”

रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत उतरवायची आणि फिरवायची. चावीच्या एकेका फेऱ्याला ते आटा म्हणत. या गल्लीला अकरा आटे, त्या गल्लीला नऊ. सगळं तोंडपाठ. मी वहीत लिहीत होते आणि मनात पॉइंट मांडत होते. साहेबांनी मागितलेल्या अडतीस रिपोर्टांपैकी निम्मे कुणाच्याच कामाचे नव्हते हे मला दिसत होतं, पण साहेबांनी ते मागितले होते, म्हणजे ते राहणारच होते. चारशे बारा काही हलत नव्हते.

सकाळी अकराला पाळी संपली. आम्ही चहा घेऊन निघालो, तर खालच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा. डोक्यावर काही नाही, पायात काही नाही. बोलला नाही, नुसते हात जोडले.

सुबरावमामांनी सायकल थांबवली. “कोण?”

“आई.”

“कवा?”

“नऊला.”

“जावा तुमी. आलंच पानी.”

तो माणूस वळून गेला. मामांनी सायकल भिंतीला टेकवली, झाकण उचललं आणि चावी उतरवली. त्या दिवशी बुधवार होता. खालच्या गल्लीचं पाणी गुरुवारी. मी घड्याळ बघितलं, अकरा वीस.

“मामा, हे काय?”

“मयत झालंय न्हवं त्यांच्यात.” ते चावी फिरवत होते, ओठांनी आटे मोजत. “मयताला आंगूळ. मसनातनं आलेली समदी मानसं आंगुळ करनार. घर धुवायचं. शेजारची बी आंगूळ करत्यात. दोन तास तरी पानी पायजे. ज्याच्या घरात मढं हाय त्यानं काय कळशी घिऊन दारोदार हिंडायचं?”

“किती वर्षं देताय असं?”

“सव्वीस.”

“आणि लग्नाला?”

“न्हाय!” एकदम ठसक्यात. “लग्नाची तारीख म्हैनाभर आदी ठरती. टँकर सांगा की. मयत सांगून येत न्हाय.”

मला काय वाटलं ते सांगायला शब्द नाहीत, पण माझ्या हातानं काय केलं ते सांगते. माझ्या हातानं वही उघडली. सवय! मी लिहिलं, जादा पाणी, मयत. भरणी एक, विचारपूस एक. सात पॉइंट. आणि लगेच विचारायला सुरुवात केली, जसं मी कुणालाही विचारते.

“मंजुरी कोण देतं? नोंद कुठं होते? महिन्यात साधारण किती वेळा?”

मामा चावी धरून तसेच उभे राहिले. “ताई, ह्ये लिहू नगा.”

“का?”

“तीन साहेब झाले. एकानंबी इचारलं न्हाय, मी बी सांगितलं न्हाय. ह्ये नियमात बसत न्हाय. मागं एकानं नगरशेवकाच्या घरच्या कार्याला असं पानी सोडलं, तर त्याला घरी बसवला. पेन्शनीचं वांदं झालं त्याच्या. माजी चवदा म्हैनं ऱ्हायल्यात.”

“मामा, पण मी नाही लिहिलं तर ते नव्या व्यवस्थेत येणारच नाही. एकदा मोटरी बसल्या की...”

“कसल्या मोटरी?”

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गावाच्या नकाशावर चौसष्ट टिकल्या लागून गेल्या आणि ज्याच्या टोपीखाली त्या चौसष्ट टिकल्या सव्वीस वर्षं होत्या, त्याला बातमी द्यायची पाळी माझ्यावर आली. मी सांगितलं. प्रत्येक व्हॉल्व्हवर मोटर, साहेबांच्या टेबलावर बटण, वेळ झाली की आपोआप उघडणार, वेळ संपली की बंद होणार.

“मग चावी?”

“लागणार नाही.”

ते चेंबरच्या काठावर बसले. आत पाणी घुमत होतं. मला वाटलं, नोकरीचं विचारतील. माणूस तेच विचारेल ना?

“मग मयताला?” त्यांनी विचारलं.

मी वही मिटली. दोन तास होईपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो. एक वीसला त्यांनी उठून व्हॉल्व्ह बंद केला, आटे मोजत.

दुपारी मी हेरवाडकरांकडे गेले. माझं डोकं अजून पुस्तकातच होतं. वापरणाऱ्याला एखादी सोय हवी असेल तर ती मागणीत घालून घ्यायची, हाच रस्ता मला येत होता. म्हटलं, नाव न घेता विचारून बघू.

“साहेब, एखाद्या घरी मयत झालं, तर जादा पाणी सोडायची सोय ठेवायची का?”

“उत्तम कल्पना!” साहेब खुश. “ठेवाच. समितीला आवडेल. लिहून घ्या. विहित नमुन्यात अर्ज. सोबत मृत्यूचा दाखला. वॉर्डाच्या नगरसेवकांची शिफारस. माझ्याकडे मंजुरी. मंजूर झालं की एसेमेस.”

मी लिहून घेत होते. भरणी तीन, विचारपूस एक, नोंदवही एक. सातावरून थेट तेवीस पॉइंट. मोजणी अगदी बिनचूक होती हो, कुठल्याही परीक्षकानं पैकीच्या पैकी दिले असते.

“मंजुरीला किती वेळ धरू?”

“तीन दिवस. कामकाजाचे. शनिवार-रविवार सोडून.”

मी पेन खाली ठेवलं. तीन दिवस! तोवर माणसं राख सावडून आलेली असतात. साहेब थट्टा करताहेत का म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नव्हते करत. चांगला, कर्तबगार अधिकारी होता तो. दाखल्याशिवाय पाणी कसं द्यायचं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

मग त्यांची नजर बदलली. “एक मिनिट. तुम्हाला हे सुचलं कसं? सध्या कुणी सोडतंय का असं पाणी?”

“नाही.”

“सोडत असेल तर नाव सांगा. उद्याच घरी पाठवतो.”

“नाही साहेब. आमच्याकडे गेल्या वर्षी सासरे गेले तेव्हा पाण्याची फार ओढाताण झाली, म्हणून मनात आलं. राहू दे, फार पॉइंट वाढताहेत.”

सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. सतरा वर्षांच्या नोकरीत क्लायंटसमोर मी पहिल्यांदा खोटं बोलले, तेही इतकं सरळ तोंड करून की माझं मलाच नवल वाटलं.

बाहेर आले आणि स्टँडजवळच्या लॉजवर खोलीत बसले. संध्याकाळचे साडेपाच असतील. समोर चारशे बाराची यादी. हे लिहावं तर मामा घरी आणि पाणी तीन दिवसांनी. न लिहावं तर मोटरी बसणार, मामांच्या हातातली चावी जाणार आणि पाणी कधीच नाही. दोन्हीकडून मयताचं घर कोरडंच! मला स्वतःचा भयंकर राग आला होता. कशाला वही उघडलीस? कशाला विचारलंस? पण न विचारून तरी काय होणार होतं? मोटरी काही माझ्या विचारण्यानं येत नव्हत्या.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी गेले दोन दिवस यादीकडेच बघतेय, बाउंडरीकडे बघितलेलंच नाही.

मोजणीच्या सुरुवातीला एक रेघ मारायची असते. तिला बाउंडरी म्हणतात. रेघेच्या आत ते आपलं सॉफ्टवेअर, बाहेर ते जग. रेघेबाहेरचं मोजायचं नाही, कारण ते सॉफ्टवेअरच्या ताब्यात नसतं. मी रेघ कुठं मारली होती? थेट चौसष्ट चेंबरांत, मोटरींच्या पोटात. साहेबांच्या कागदानं मारली तिथं मीही मारली होती. तीच रेघ टाक्यांपाशी थांबवली तर? पंप आत, टाक्या आत, तक्रारी, नळजोड आत. वॉर्डांतले व्हॉल्व्ह बाहेर. स्क्रीनवर वेळापत्रक दिसेल, पण उघडायला माणूसच जाईल, चावी घेऊन.

मी वॉर्ड-व्हॉल्व्हचा भाग वेगळा काढून बेरीज केली. एकशे एकवीस. चारशे बारातून गेले एकशे एकवीस, राहिले दोनशे एक्याण्णव.

मला हसू आलं आणि पाठोपाठ धडकीही भरली. दोनशे एक्याण्णव म्हणजे तीनशेच्या आत. म्हणजे सरांना हवा तोच आकडा. मी उद्या हा कागद ठेवला, तर जगात एकाही माणसाला वाटणार नव्हतं की बोंद्रे बाईंनी हे आपण होऊन केलं. आणि काय बांधायचं ते ठरवणं हे माझं कामच नव्हतं. मापं घेणाऱ्यानं मापं घ्यावीत, सदऱ्याला बाह्या हव्यात की नकोत ते त्यानं का सांगावं? हे मीच तर नव्या पोरांना शिकवत होते. सकाळपर्यंत मी ती बेरीज नऊ वेळा तपासली. दर वेळी एकशे एकवीसच.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता सर गाडी घेऊन आले. चेहरा उतरलेला. मीटिंगला हेरवाडकर, सर आणि मी, तिघंच. मी दोन कागद टेबलावर ठेवले.

“साहेब, तुम्ही मागितलंय ते सगळं धरलं तर चारशे बारा पॉइंट. आमची आहेत ती माणसं लावली तर अकरा महिने. म्हणजे पुढचा जून.”

“जून?” साहेब ताठ बसले. “समिती मार्चमध्ये आहे!”

“म्हणून दुसरा कागद. वॉर्डातले व्हॉल्व्ह सध्या हातानंच ठेवले, तर दोनशे एक्याण्णव. सात महिने. फेब्रुवारीत चालू. समितीला पंप, टाक्या, तक्रारी, सगळं स्क्रीनवर दिसेल. मोटरींचं पुढच्या टप्प्यात बघता येईल.”

“पण मोटरी हाच तर गाभा आहे, बाई. माणूस मध्ये नको म्हणूनच हे चाललंय.”

“मोटरी धरल्या तर मार्च विसरा.”

हे मी जरा जोरातच म्हणाले. सरांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. साहेब पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. एकदा नकाशाकडं बघितलं, एकदा कॅलेंडरकडं. एक जरी प्रश्न त्यांनी नीट विचारला असता, दुसऱ्या टप्प्यात मोटरी आल्या की पुन्हा हे सगळं जोडायला जादा किती जाईल, एवढाच, तर मला खरं उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते मोटरींच्या बाजूचं होतं.

“काही सूट नाही? नऊ महिने, आठ महिने?”

“माझी सही आहे, साहेब. आकडा आहे तो आहे.”

“ठीक आहे,” ते शेवटी म्हणाले. “व्हॉल्व्ह पुढच्या टप्प्यात.”

मी कागदावर बाउंडरीची रेघ त्यांच्यासमोर मारली, टाक्यांच्या खाली, आणि सही केली. चौसष्ट चेंबरं बाहेर राहिली.

परतीच्या वाटेवर सर आनंदानं गाडी चालवत होते. कराडच्या पुढं त्यांनी चहाला गाडी थांबवली, माझ्यासाठी भजी मागवली आणि माझ्या बशीकडे बोट करून म्हणाले, “खा, खा. आज तू मला वाचवलंस. इतकी वर्षं सांगत होतो, थोडं वाकायला शीक. शिकलीस एकदाची!”

“मी वाकले नाही सर. काम कमी झालं म्हणून आकडा कमी झाला.”

“अगं, यालाच तर वाकणं म्हणतात!” ते खदाखदा हसले. “काळजी करू नकोस, मी कुणाला सांगणार नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या डब्यापर्यंत अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. कुणी वाईट बोललं नाही. उलट पोरं जास्तच प्रेमानं वागायला लागली, मी त्यांच्यातलीच एक झाले म्हणून. मागून कुणी फूटपट्टी म्हणेना. ते मला इतकं लागलं की काही विचारू नका.

फेब्रुवारीत सॉफ्टवेअर सुरू झालं, मार्चमध्ये समिती येऊन गेली, साहेबांना पारितोषिक मिळालं. मी चालू करून द्यायला गेले होते तेव्हा सुबरावमामा टाकीपाशी भेटले. “मोटरी आल्या न्हाईत म्हनं,” ते म्हणाले. “साहेबाचं मन बदललं जनू.” मी म्हटलं, “असेल.” त्यांनी आणखी काही विचारलं नाही, मला चहा पाजला आणि खालच्या गल्लीला निघून गेले.

त्यानंतर दीड महिन्यानं एका शिक्षणसंस्थेचं काम आलं. परीक्षा, निकाल, हॉलतिकिटं. मी मोजलं, पाचशे वीस. सर तिथं साडेतीनशे सांगून आले होते.

“होणार नाही, सर. यातून काही बाहेर काढण्यासारखं नाही. मी पाहिलं.”

“वैजयंती, तीच कथा पुन्हा नको.” ते दमलेले दिसत होते. “सही कर.”

“सहा पोरं यात मरतील, सर. साडेतीनशेच्या वेळात पाचशे वीसचं काम. मी सही करणार नाही.”

“पाणीपुरवठ्याला केलीस ना?”

“तो आकडा खरा होता.”

“चारशे बारा पण खरा आणि दोनशे एक्याण्णव पण खरा?” त्यांचा आवाज चढला. काचेपलीकडं पोरं टाइप करायची थांबली. “तेव्हा तीनशेच्या आत हवं म्हटलं, तर दोन दिवसांत आणून दिलंस. हेरवाडकरांनी मागितलं नसताना एकशे एकवीस पॉइंट उचलून बाहेर ठेवलेस. ते का केलंस, सांग मला. तेव्हा चाललं आणि आता तत्त्व आडवं येतंय? तू सांग, मी ऐकतो.”

ते खरंच ऐकायला बसले होते. मी सांगितलं असतं तर त्यांना पटलंही असतं, कदाचित डोळ्यांत पाणी आलं असतं, इतका हळवा माणूस तो. आणि पुढच्या वेळी हेरवाडकरांबरोबर जेवताना तेच त्यांनी कौतुकानं सांगितलं असतं, आमच्या बोंद्रे बाईंनी काय केलं माहितेय का म्हणून. त्यांच्या पोटात काही राहत नसे. सुबरावमामांचे चार महिने उरले होते. चार महिने कशाला, त्यांच्यामागून जो कुणी ती चावी हातात घेणार होता, त्याचं काय?

सगळं ऑफिस काचेतून बघत होतं.

“तेव्हा माझं चुकलं, सर,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“तुम्ही म्हणता तेच. तुमच्यासाठी आकडा वाकवला. चुकलं. पुन्हा करणार नाही.”

सर खुर्चीत मागं टेकले. त्यांचा राग उतरला होता, तोंडावर नुसती दया होती. “कबूल केलंस, बरं झालं,” ते म्हणाले. “मला वाटलंच होतं. पण मग आता सोवळं कशाला, वैजयंती? एकदा झालंच आहे ना?”

सहीसाठी पुढं केलेलं त्यांचं पेन मी परत त्यांच्यापुढं सरकवलं, माझं काढलं आणि कोरा कागद मागून घेतला. त्यावर राजीनामा लिहायला मला तीन ओळी लागल्या. खाली पार्किंगमध्ये येऊन मी स्कूटर स्टँडवरून काढली, आणि मग तिथंच सीटवर डोकं ठेवून रडले.